समुपदेशक नसलेल्या खेड्यातल्या शाळेत लेकरांचे भावनिक आणि वागण्याचे प्रॉब्लेम कसे हाताळायचे: पायरी-पायरीनं

हे लिहून राहिलो ते आपल्या इकडच्या शाळांसाठी. यवतमाळ, वाशिम, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या दोन-तीन शिक्षकी झेडपीच्या शाळा, आश्रमशाळा, आणि बाजाराच्या गावातलं अनुदानित हायस्कूल, जिथं आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं सायकलनं नाहीतर एसटीनं येतात. तिथं समुपदेशक नसतो. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल गाइडलाइन्स दिल्या, त्यात शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर एक तरी प्रशिक्षित समुपदेशक पाहिजे आणि त्यापेक्षा लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ञांशी रीतसर संपर्क जोडून ठेवावा असं सांगितलंय. आपल्या बऱ्याच झेडपी शाळा त्या लहान गटातच येतात. पण जे पोरगं आज बेंचखाली घुसून बसलंय त्याचं आजच बघावं लागतं, आणि माझं ठाम मत आहे की यातलं बरंचसं काम साधा वर्गशिक्षक करू शकतो, फक्त ते क्रमानं करावं लागतं. घोळ क्रमातच होतो. आपण डायरेक्ट शेवटच्या पायरीवर उडी मारतो, म्हणजे बापाला बोलावतो नाहीतर टीसी नेण्याची धमकी देतो, आणि मधलं सगळं राहून जातं.

पायरी १: सत्र सुरू होतानाच करायचं काम

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते. पहिले दोन आठवडे धडे संपवायच्या मागं लागू नका, प्रत्येक पोराचं एक पान वहीत तयार करा. पोर्टलवर भरतो ती माहिती वेगळी, ही आपल्या कामाची: घरी कोण कोण आहे, पोरगं मायबापाजवळ राहतं की आजीजवळ की मामाच्या गावी ठेवलंय, घरी बोलतात ती भाषा कोणती, शाळेत कोणासोबत येतं, काही जुना आजार आहे का, आणि मायबाप कोणत्या महिन्यात कामाला बाहेर जातात. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी, झाडीपट्टीत (पूर्व विदर्भाच्या धानाच्या पट्ट्यात) धानाची कापणी, मार्च-एप्रिलात मोहफूल, मग तेंदूपत्ता, आणि काही घरं विटभट्टीवर निघून जातात. या दिवसांत लहान भाऊ-बहीण सांभाळायचं काम तिसरी-चौथीतल्या पोरीवर येतं आणि ती वर्गात पेंगते, चिडते, नाहीतर येतच नाही. ते पान जवळ असलं की नोव्हेंबरमध्ये तिला "आळशी झाली" असा शेरा मारायच्या आधी आपला हात थांबतो.

भाषेचा विषय वेगळा सांगतो. पहिलीत कोलाम, गोंड किंवा मेळघाटातलं कोरकू लेकरू येतं, बंजारा तांड्यावरचं येतं, आणि दिवाळीपर्यंत एक शब्द बोलत नाही. आपण लिहितो, प्रतिसाद नाही. त्याला वर्गात काय चाललंय हेच कळत नसतं आणि शू लागली हे सांगताही येत नसतं, मग चड्डी ओली होते, पोरं हसतात, आणि तिथून शाळेची भीती बसते ती बसतेच. त्याच्या भाषेतले पाणी, भूक, दुखतं, शू, घर, ये, बस, छान एवढे शब्द मोठ्या वर्गातल्या पोराकडून शिकून घ्या आणि भिंतीवर लिहून ठेवा. त्याच गावचं चौथी-पाचवीचं एक पोरगं त्याच्या जोडीला द्या. भीती बसल्यावर ती काढण्यापेक्षा हे काम फारच सोपं आहे.

परिपाठात दोन मिनिटं एक गोष्ट करता येते. पुठ्ठ्यावर तीन चेहरे काढा: मस्त, बरं, बरं नाही. प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी कपडे वाळत घालायच्या चिमट्याला लावा, आल्या आल्या पोरांनी आपला चिमटा पाहिजे त्या चेहऱ्याला लावायचा. का लावला हे कोणी विचारायचं नाही, सगळ्यांसमोर तर नाहीच. ज्याचा चिमटा लागोपाठ तीन-चार दिवस "बरं नाही"वर दिसतो त्याच्याशी दुपारच्या सुट्टीत बोलायचं. मोठ्या वर्गांना चिमट्यांची लाज वाटते, तिथं वहीच्या शेवटच्या पानावर आठवड्यातून एकदा चार ओळी लिहून घ्या, फक्त शिक्षकच वाचणार हे सांगून, आणि खरंच फक्त तुम्हीच वाचा.

वर्गाचे नियम तीन-चारच ठेवा आणि पोरांकडूनच बनवून घ्या. "मारामारी करू नये" असं लिहिण्याऐवजी "राग आला तर बाजूला होऊन सरांना सांगतो" असं लिहिलं की काय करायचं ते पोराला कळतं. शाबासकी नेमकी द्या, नुसतं "शाब्बास" हवेत जातं. "तुझी पाटी त्यानं ओढली तरी तू हात उचलला नाही, मी पाहिलं" हे लक्षात राहतं. मारण्याबद्दल वाद घालायचं कारणच नाही, शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी आहे. वर्गासमोर जातीवरून, बापाच्या दारूवरून, जुन्या कपड्यांवरून टोमणा मारणं हे पण त्या मानसिक त्रासातच येतं, आणि ते छडीपेक्षा जास्त वर्षं टिकतं.

पायरी २: कोणाकडं बघायचं

गोंधळ घालणारं पोट्टं सगळ्यांना दिसतं. मागच्या बेंचवर गप्प बसणारी, होमवर्क करून आणणारी, कोणाला त्रास न देणारी पोरगी दिसत नाही, आणि बरेचदा जास्त अडचणीत तीच असते. म्हणून हजेरी घेताना नुसतं "हजर जी" ऐकू नका, तोंडाकडं बघा.

कोणत्याही एका लक्षणापेक्षा वागण्यातला बदल महत्त्वाचा. बोलणारं गप्प झालं, शांत असलेलं अचानक उर्मट बोलायला लागलं, अक्षर बिघडलं, खिचडीचं ताट तसंच ठेवून राहिलं, रोज पोट नाहीतर डोकं दुखतं म्हणते, आंघोळ नाही, मैत्रिणी तुटल्या, गैरहजेरी ठराविक वारालाच पडते, मोठं झालेलं लेकरू पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं. हातावर ब्लेडच्या किंवा कंपासच्या ओरखड्याच्या खुणा, किंवा वहीत मरणाबद्दल लिहिलेलं दिसलं तर पुढच्या पायऱ्या सोडा आणि सरळ पायरी ८ वर जा. बाकी गोष्टी एखाद-दोन दिवस असतील तर थोडं थांबा, लेकरांचे मूड बदलतातच, पण दोन आठवडे टिकलं आणि अभ्यास, खाणं, झोप, दोस्ती यातल्या एका तरी गोष्टीवर परिणाम दिसला तर काम सुरू करा.

पायरी ३: आधी शरीर तपासा

ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते, म्हणून इथं जरा थांबतो. वागण्याचा प्रॉब्लेम म्हणून जे दिसतं त्यातलं किती तरी शरीरातून येतं.

आपल्या भागात पहिलं नाव सिकलसेलचं, म्हणजे मायबापाकडून येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूरकडं बऱ्याच समाजांत हा आजार आहे. ते लेकरू लवकर थकतं, हातपाय-सांधे दुखतात, ताप येतो, डोळे पिवळे दिसतात, महिन्यातून पाच-सहा दिवस शाळेत नसतं, आणि खेळाच्या तासाला बसून राहतं. आपल्याला वाटतं कामचुकार आहे. अशा लेकराला ग्राउंडला चक्कर मारायची शिक्षा दिली तर खरंच धोका होऊ शकतो, कारण जास्त श्रम, थंडी आणि पाण्याची कमी यानं दुखण्याचा ॲटॅक येतो. त्याला मनासारखं पाणी पिऊ द्या, बाटली बेंचवर ठेवू द्या, हिवाळ्यात सकाळी उन्हात बसवा, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी झाली का विचारा.

दुसरं, रक्त कमी असणं. किशोरवयीन पोरींमध्ये तर खूपच. चिडचिड, लक्ष नाही, पेंग, हे सगळं त्यातून येतं, आठवड्याची लोहाची गोळी नुसती वाटू नका, खाल्ली का ते बघा. तिसरं, डोळे आणि कान. फळ्यावरचं न दिसणारं पोरगं दोस्तांच्या वहीत डोकावतं आणि मार खातं, कान वाहणाऱ्याला अर्धं ऐकू येत नाही म्हणून ते सांगितलेलं करत नाही. चौथं, काही लेकरं दहा-पंधरा सेकंद एकदम थांबतात, डोळे एका जागी, पापण्या फडफडतात, मग काही झालंच नाही असं पुढं लिहायला लागतात. दिवसातून अनेकदा असं होत असेल तर तो फिटचा एक प्रकार असू शकतो, डॉक्टरकडं पाठवा, औषधानं चांगला आटोक्यात येतो. आणि पाचवं साधं, उपाशी आलंय का, रात्री झोपलंय का.

यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत येते त्याचा नीट उपयोग करा. २०१३ पासून हा कार्यक्रम आहे आणि सरकारी-अनुदानित शाळेतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते. टीम आली की वजन-उंचीच्या लाइनीत सगळं उरकून जातं, म्हणून आधीच ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांची यादी काढून ठेवा आणि डॉक्टरांच्या हातात द्या, "याचं कानाचं बघा, हिला सिकलसेलची शंका वाटून राहिली, हा असा थांबते". वागणं, शिकण्यातल्या अडचणी आणि वाढीतला उशीर हे पण त्या तपासणीत येतं, नुसतं दात आणि खरूज नाही.

पायरी ४: वहीत तीन रकाने

समजुतीनं बोलून, ओरडून, सगळं करून झालं तरी एखादं वागणं सुटत नाही, तेव्हा आठवडाभर फक्त लिहा. तीन रकाने: आधी काय झालं, पोरानं काय केलं, नंतर काय झालं. सोबत वेळ आणि तास. मत लिहायचं नाही, "मुजोरी केली" असं नाही, "पाटी फेकली, बाजूच्याला ढकललं" असं.

एका चौथीतल्या पोराचं उदाहरण देतो. तक्रार अशी की हा रोज दुपारी मारामारी करतो. वही भरल्यावर दिसलं की मारामारी खिचडीनंतरच्या पहिल्या तासालाच होते, आणि तो तास प्रकट वाचनाचा. आधीच्या रकान्यात जवळपास रोज एकच गोष्ट, त्याचा नंबर जवळ येऊन राहिला आणि मागचे दोघं हसले. नंतरच्या रकान्यातही एकच, त्याला वर्गाबाहेर लिंबाखाली उभं केलं. म्हणजे पोराला वाचता येत नव्हतं, लाज वाटत होती, आणि एक ठोसा मारला की वाचनातून सुटका मिळत होती. आपली शिक्षाच त्याला सोयीची झाली होती.

मग बदल तीन केले. सकाळी शाळा भरायच्या आधी दहा मिनिटं त्याला एकट्याला वाचायला बसवायचं, दुपारी वर्गात फक्त सकाळी तयार केलेलीच एक ओळ वाचायला द्यायची, आणि हसणाऱ्या दोघांना तिथल्या तिथं थांबवायचं. मारलं तर बाहेर काढणं बंद, शांत झाला की ती ओळ वाचायचीच. पहिल्या काही दिवसांत भांडण वाढलं, हे होतंच, कारण आधीचा रस्ता बंद झाला की पोरगं तो आणखी जोरात ठोठावतं. इथं बरेच शिक्षक सोडून देतात. टिकून राहिलं की महिन्याभरात वही स्वतःच सांगते काय फरक पडला ते.

पायरी ५: लेकराशी बोलणं

ऑफिसमध्ये बोलावून, मुख्याध्यापकांसमोर उभं करून कोणतंच लेकरू खरं बोलत नाही. हाताला काम द्या, पुस्तकं लावणं, झाडांना पाणी, आणि बाजूला बसून बोला. दिसेल असं ठिकाण पाहिजे पण ऐकू जाणार नाही असं, बंद खोलीत एकट्यानं नको, विशेषतः सरांनी मुलीशी बोलताना. मॅडम असतील तर त्यांना पुढं करा.

सातवीतल्या एका पोरीशी मॅडमचं बोलणं असं झालं. "काय झालं" विचारल्यावर उत्तर ठरलेलं, "काही नाई जी मॅडम." मॅडमनी पुन्हा तोच प्रश्न न विचारता जे दिसलं ते सांगितलं, "परवापासून तू ताट घेऊन बसते अन् तसंच ठेवून देते, मी पाहून राहिली." मग गप्प बसल्या, पुस्तकं लावत राहिल्या. बराच वेळानं पोरगी म्हणाली, "आई मामाकडं निघून गेली. बाबा रातभर बोंबलते, लायना भाऊ माह्याजवळच झोपते." मॅडम लगेच उपाय सांगायला धावल्या नाहीत, "मंग तुही झोपच होत नसन" एवढंच म्हणाल्या, आणि पोरगी रडली. त्या दिवशी एवढंच पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी भाऊ कोणत्या वर्गात आहे, शेजारी कोण आहे, रात्री फारच झालं तर कोणाच्या घरी जायचं, हे ठरलं.

"कोणालाच सांगणार नाही" असं वचन मात्र कधी देऊ नका. असं म्हणा की तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुला त्रास देत असेल तर मला मदत आणावी लागेल, पण ती तुला सांगूनच आणेन. आणि शाळेबाहेर चहाच्या टपरीवर ही गोष्ट काढायची नाही, खेड्यात गोष्ट संध्याकाळपर्यंत घरी पोचते आणि पोराला त्याचे भोग भोगावे लागतात.

पायरी ६: वर्गात काय बदलायचं

चुळबुळ करणाऱ्या पोराला पुढं, खिडकी-दारापासून लांब बसवा, काम लहान तुकड्यांत द्या, आणि दर वीस मिनिटांनी उठायचं काहीतरी कारण द्या, फळा पुसणं, वह्या वाटणं. हे वागणं शाळेत आणि घरी दोन्हीकडं, सहा महिन्यांपेक्षा जास्त आणि लहानपणापासून असेल तर डॉक्टरांना दाखवावंच. फक्त एकाच शिक्षकाच्या तासाला होत असेल तर आधी त्या तासाचं बघा.

घाबरणाऱ्या, शाळेला येताना रडणाऱ्या लेकराला घरी ठेवणं हा उपाय वाटतो पण त्यानं भीती वाढते. थोडा वेळ का होईना रोज यायचं, पहिले काही दिवस परिपाठ आणि एक तास, मग वाढवत न्यायचं. आणि कोणाची भीती आहे ते शोधा, कधी कधी ती रस्त्यातल्या मोठ्या पोरांची असते, कधी शिक्षकाची.

एखाद्याला टोपणनाव पाडून, जातीवरून, रंगावरून, बोलण्यावरून छळणं चाललं असेल तर दोघांना समोरासमोर उभं करून "हात मिळवा" करू नका, ज्याचा छळ झाला त्याला तिथं खरं बोलता येत नाही. वेगवेगळं बोला. छळणाऱ्याला काय बंद करायचं ते स्पष्ट सांगा, आणि बघ्या पोरांना कामाला लावा, कारण हसणारे थांबले की छळायची मजा जाते. जागाही बघा: नळ, संडासाच्या मागची बाजू, एसटी स्टॉप. तिथं सुट्टीत एक शिक्षक उभा राहिला तरी अर्धं थांबतं.

बोलताना हुशार पण लिहिता-वाचताना अडखळणारं, उलटी अक्षरं काढणारं पोरगं दुसरी-तिसरीनंतरही तसंच असेल तर गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकाला बोलवा. अध्ययन अक्षमता ही २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मोजलेल्या २१ प्रकारांत आहे, प्रमाणपत्र मिळालं तर दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण प्रमाणपत्र दहावीच्या फॉर्मच्या वेळी आठवून काही उपयोग नाही, त्या वेळेपर्यंत पोरगं "ढ" म्हणवून घेऊन घेऊन शाळेवरच चिडलेलं असतं.

पायरी ७: घरच्यांशी बोलणं

फक्त तक्रारीलाच बोलावलं तर बाप पोराला तिथंच शाळेत दोन थोबाडीत देतो आणि आपण म्हणतो, झालं काम. म्हणून पहिली भेट चांगल्या गोष्टीसाठी घ्या. वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला पालकसभा ठेवून कोणी येत नाही, मजुरी बुडते, संध्याकाळी पारावर किंवा घरी जा, नाहीतर बाजाराच्या दिवशी गाठा. आई बोलत नसेल तर आजी बोलते, आणि घरात खरं कोणाचं चालतं ते आशाताई आणि अंगणवाडीच्या ताईंना ठाऊक असतं.

बोलताना "तुमचा पोरगा लय वांड आहे" याच्याऐवजी वहीतलं वाचून दाखवा: काय होतं, कधी होतं, आम्ही शाळेत काय करून राहिलो, आणि घरी फक्त एकच गोष्ट करा. एकच. रात्री नऊला मोबाइल बंद, किंवा रोज जेवताना बापानं पाच मिनिटं बोलायचं, किंवा मारायचं नाही. पाच सूचना दिल्या तर एकही होत नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा जा आणि आधी काय सुधारलं ते सांगा.

इकडचेच काही प्रसंग

ज्या घरात कास्तकार बापानं आत्महत्या केली त्या घरचं लेकरू शाळेत परत येतं तेव्हा काय करायचं हे आपल्याला कोणी शिकवत नाही. येण्याच्या आधी वर्गाशी दोन वाक्यं बोला, तिचे बाबा गेले, कसे गेले ते विचारायचं नाही, नेहमीसारखं सोबत बसायचं. तिला सांगा की कधीही बाहेर जावं वाटलं तर इशारा कर आणि जा. लहान लेकरांना वाटतं आपण दप्तरासाठी हट्ट केला म्हणून बाबा गेले. हे त्यांना स्पष्ट सांगावं लागतं, तुझ्यामुळं काहीच झालं नाही, आणि एकदा सांगून भागत नाही. पोळा, दिवाळी, बाबाची पुण्यतिथी या दिवसांच्या आसपास जास्त लक्ष ठेवा. आणि कागदपत्रांचं काम हे पण मानसिक आधाराचंच काम आहे. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, मुलामागं महिन्याला २२५० रुपये, अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयाकडं. बोनाफाइड तर आपल्याच हातात आहे, बाकी मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधार, पासबुक गोळा करायला त्या माउलीला कोणी तरी सोबत पाहिजे असतं.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेली पुडी. पाचवी-सहावीपासून पोरांच्या खिशात ती निघते. ओरडल्यानं ती पुडी कंपासपेटीत जाते, एवढाच फरक पडतो. आधी विचारा कोणासोबत खातो, कधी, न खाल्लं तर काय होतं. सोडायची तयारी असेल तर १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची मोफत लाइन आहे. आणि टपरी विसरू नका: शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि अल्पवयीन मुलाला तंबाखू किंवा दारू देणाऱ्याला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात लिहून ग्रामपंचायतीला द्या, शिक्षक एकटा टपरीवाल्याशी भांडला तर निभावत नाही.

आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात एक पोरगी थरथरून पडते, मग दुसरी, मग चार-पाच, आणि कोणी तरी म्हणतं बाहेरचं लागलं. पहिले डॉक्टर, कारण ताप, फिट किंवा जेवणातली विषबाधा पण असू शकते. तपासणीत काही नसेल तर गर्दी हटवा, मुलींना वेगवेगळ्या खोल्यांत शांत बसवा, चप्पल-कांदा हुंगवणं, व्हिडिओ काढणं बंद. मग बघा ताण कशाचा आहे, घराची आठवण, परीक्षा, मोठ्या मुलींचा जाच, की कोणा माणसाची भीती. शेवटचं कारण असू शकतं हे मनात धरूनच विचारा. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, चटके, मिरचीची धुरी हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

आणि आठवी-नववीतली पोरगी एकदम गप्प झाली, मेंदी-पाहुण्यांची कुजबुज ऐकू आली, तर लग्न ठरलंय का बघा. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला सांगा, किंवा १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा.

पायरी ८: कधी आणि कुठं पाठवायचं

वरचं सगळं महिना-दीड महिना करून फरक नाही, किंवा लेकराला नसलेले आवाज ऐकू येतात, किंवा खाणं-झोप पूर्ण बिघडलीय, तर पाठवा. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात त्यांचे ठराविक वार असतात, ते वार विचारून स्टाफरूमच्या भिंतीवर लावा. नागपूर, यवतमाळची मेडिकल कॉलेजं आणि सेवाग्रामचं कस्तुरबा हॉस्पिटल इथं मानसोपचार विभाग आहेत. टेलि-मानस १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, आणि काय करावं सुचत नसेल तर शिक्षकानं स्वतःसाठी पण लावावा. पाठवताना नुसतं तोंडी सांगू नका, तीन रकान्यांच्या वहीचे फोटो आणि चार ओळींची चिठ्ठी द्या, डॉक्टरचा अर्धा वेळ वाचतो. जमेल तर पहिल्या वेळी सोबत जा, "पागलखान्यात नेऊन राहिले" ही भीती त्यानंच कमी होते.

मरणाबद्दल बोलणाऱ्या लेकराला सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट पोराला मोकळं वाटतं. हो म्हणालं तर कशानं, कधी, हे पण विचारा, आणि त्या क्षणापासून त्याला एकटं सोडू नका. घरच्यांना त्याच दिवशी भेटा आणि सगळ्यात आधी फवारणीचं औषध घरातून हलवायला लावा. आपल्याकडं ते डब्बे पलंगाखाली, न्हाणीत, धान्याच्या कोठीमागं असतात. कुलूप लावून शेतातल्या खोपडीत किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा आणि किल्ली मोठ्या माणसाजवळ. दोऱ्या, झोपेच्या गोळ्या पण. रागाच्या त्या काही मिनिटांत हाताशी काही नसणं यानंच बरेच जीव वाचतात. प्रयत्न झालाच असेल तर पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नका, मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार अशा माणसावर प्रचंड ताण होता असंच धरायचं असतं आणि त्याला उपचार देणं सरकारचं काम आहे.

लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली तरी शाळेनं चौकशी करायची नाही, गावात बसून मिटवायचं तर अजिबात नाही. पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हाच वेगळा गुन्हा आहे, समोरचा शाळेतला माणूस असला तरी. लेकरानं जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, नाव कुठंही फुटू देऊ नका. १०९८ वर मदत मिळते, शाळेतली तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती यासाठीच आहे, पेटी ठरलेल्या वारी उघडा.

पायरी ९: पुढचं वर्ष

लेकरू दवाखान्यातून परत आलं की त्याची जुनी जागा, जुनं काम त्याला परत द्या, आणि औषध चालू आहे का ते महिन्यातून एकदा घरी विचारा, बरं वाटलं की घरचे गोळ्या स्वतःच बंद करतात. चौथीतून पाचवीला, सातवीतून आठवीला पोरं दुसऱ्या गावच्या शाळेत जातात आणि आपली सगळी मेहनत रजिस्टरसोबत कपाटात राहते. टीसीवर यातलं काही लिहायचं नाही, ते पोराच्या मागं आयुष्यभर लागेल. एप्रिलमध्ये घरच्यांना विचारून नव्या शाळेच्या एका विश्वासाच्या शिक्षकाला प्रत्यक्ष भेटा आणि तीन गोष्टी सांगा: या लेकराला कशाचा त्रास होतो, कशानं ते शांत होतं, आणि त्याला काय चांगलं जमतं. मग जूनच्या शेवटी शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात एक फोन.